उतारशाळेतील उरलेला हिशेब

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एक इंग्रजी चित्रपट पाहून त्यावर चर्चा करण्याचा कार्यक्रम योजिला होता. चित्रपटाचे नाव 'चार्ली विल्सन्स वॉर'. माइक निकल्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. जॉर्ज क्राइल या अमेरिकन पत्रकाराच्या २००३ मधील पुस्तकावर तो आधारलेला असून पटकथा आरन सॉर्किन यांची आहे. विषय तसा गंभीर, सोव्हिएत सैन्याविरुद्ध लढणाऱ्या अफगाणांना अमेरिकेने गुप्तपणे पुरविलेल्या शस्त्रांचा. परंतु मांडणी विनोदी. मुले मनमुराद हसली. दिवे लागल्यावर मात्र थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, ''फादर, सगळ्यांना मदतच करायची होती ना? मग यात पाप कोणाचे?''

त्या संध्याकाळी मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. हेतू चांगला असूनही परिणाम वाईट होऊ शकतात, असे काहीसे मी बोललो. ते खोटे नव्हते. परंतु असे उत्तर देऊन आपण प्रश्न संपविल्याचे समाधान तेवढे मिळवितो. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर पुन्हा एकदा, जरा नीटपणे देण्याचा प्रयत्न होय.

प्रथम कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. चार्ली विल्सन हे टेक्सासमधून निवडून आलेले अमेरिकन काँग्रेसचे खरेखुरे सदस्य. २०१० साली ते निवर्तले. चित्रपटात त्यांची भूमिका टॉम हँक्स यांनी केली आहे. मद्य आणि ललना यांचा शौकीन असा हा गृहस्थ लास व्हेगासमधील एका विलासी मैफलीत बसलेला असताना दूरदर्शनच्या पडद्यावर अफगाण वेश केलेला एक वार्ताहर पाहतो आणि त्याचे कुतूहल जागे होते. ह्यूस्टन येथील जोअॅन हेरिंग ही धनाढ्य, धर्मनिष्ठ आणि कम्युनिझमचा तीव्र तिटकारा असलेली स्त्री त्याला पाकिस्तानात जाण्यास भाग पाडते. पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत सुरुंगांनी हात तुटलेली मुले पाहून तो मुळापासून हादरतो. परत आल्यावर गस्ट अॅव्हराकोटोस या सी.आय.ए.च्या फटकळ अधिकाऱ्याच्या साथीने तो कामाला लागतो. ज्या समितीच्या हाती गुप्त निधीची किल्ली होती, तिचाच तो सभासद होता. आरंभी पन्नास लाख डॉलरचा निधी एक कोटीवर जातो आणि वाढत वाढत, सौदी अरेबियाने घातलेली तेवढीच भर धरून, एक अब्जापर्यंत पोहोचतो. अमेरिकेचा हात दिसू नये म्हणून सोव्हिएत बनावटीचीच शस्त्रे मिळवायची, त्यासाठी इस्रायल, इजिप्त आणि पाकिस्तान यांना एका सूत्रात ओवायचे, ही सारी खटपट पाहताना हसू आवरत नाही. शेवटी सोव्हिएत सैन्य मागे फिरते. त्यानंतर विल्सन त्याच समितीपुढे जातो आणि अफगाणिस्तानातील शाळांसाठी केवळ दहा लाख डॉलर मागतो. ते त्याला मिळत नाहीत. चित्रपट संपतो तो शेवटचा डाव आपण नासविला, अशा अर्थाच्या विल्सन यांच्या कबुलीवर.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, अफगाणांना मदत करणे हेच मुळात पाप होते, असे मला म्हणवत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य त्या देशात शिरले. पुढील नऊ वर्षांत सुमारे दहा लाख अफगाण मृत्युमुखी पडले असे मानले जाते. पन्नास लाखांहून अधिक लोक पाकिस्तानात व इराणात परागंदा झाले. स्वतः सोव्हिएत पक्षाचेही सुमारे पंधरा हजार जवान मारले गेले. गावेच्या गावे बेचिराख होत असताना शेजाऱ्याने दार लावून घ्यावे, अशी शिकवण ख्रिस्तसभेने कधीही दिलेली नाही. न्याय्य युद्धाविषयीची परंपरागत कारणमीमांसा लावून पाहिली, तरी आक्रमणाचा प्रतिकार करण्याचे कारण तेथे निश्चित होते. छावणीतील त्या मुलांना पाहून विल्सन यांच्या डोळ्यांत जे पाणी आले ते ढोंगाचे नव्हते. तेव्हा हेतूच्या पातळीवर आपण या माणसाला चटकन दोषी ठरवू नये.

परंतु नीतिशास्त्र हेतूपाशी थांबत नाही. ते साधनांकडेही पाहते. या मदतीचे व्यवच्छेदक लक्षण कोणते, तर ती गुप्त होती. यावर कोणी म्हणेल की, दानधर्म करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू देऊ नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितलेच आहे. मग गुप्त मदतीत वावगे काय? येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. गुप्त दान देणारा आपले नाव लपवितो, कारण त्याला स्तुती नको असते. गुप्त शस्त्रे देणारा आपले नाव लपवितो, कारण त्याला जबाबदारी नको असते. पहिला श्रेय नाकारतो, दुसरा उत्तरदायित्व नाकारण्याची सोय करून ठेवतो. बाह्यतः दोन्ही कृती सारख्या दिसल्या, तरी त्यांचे नैतिक स्वरूप परस्परविरुद्ध आहे.

या सोयीची किंमत फार मोठी असते. प्रायश्चित्त संस्काराविषयी बालपणी आपण शिकलो आहोत की, त्याला तीन अंगे आहेत : मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि झालेल्या हानीची भरपाई. जी कृती केल्याचे कबूलच करायचे नाही, असे करण्यापूर्वीच ठरलेले असते, तिच्या बाबतीत दुसरे अंग गळून पडते आणि दुसरे गळाले की तिसरे कोणाकडे मागायचे, हा प्रश्न उरतो. ज्याने मुळी काही केलेच नाही, त्याच्याकडे भरपाई कशी मागणार? त्या समितीने शाळांसाठी दहा लाख डॉलर नाकारले, यामागे सभासदांचा कोतेपणा होता हे खरे. परंतु त्याहून खोल कारण मला असे दिसते की, जे युद्ध अधिकृतपणे आपले कधी नव्हतेच, त्याच्या पश्चात उरलेली मुलेही अधिकृतपणे आपली नव्हती.

दुसरा मुद्दा मदत कोणाच्या हाती पडली हा. अमेरिकेच्या पैशाने आलेली शस्त्रे पाकिस्तानच्या आय.एस.आय. या लष्करी हेरसंस्थेमार्फत वाटली जात. कोणत्या गटाला किती द्यायचे हे ती संस्था ठरवी. तिने सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या अतिरेकी गटाला दिला. १९८९ नंतर, आणि विशेषतः १९९२ साली नजीबुल्ला यांचे सरकार कोसळल्यावर, याच हिकमतयार यांच्या सैन्याने काबूल शहरावर अग्निबाणांचा वर्षाव करून हजारो नागरिकांचे प्राण घेतले. ही गोष्ट योगायोगाची नव्हती. त्यांची वृत्ती कशी होती, हे आधीपासून ठाऊक असलेली माणसे वॉशिंग्टनमध्येही होती.

येथे चित्रपटातील शाळेच्या प्रसंगाला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. चित्रपट पाहून वाटते की, अमेरिकेने शाळांसाठी काहीच दिले नाही. वस्तुस्थिती अधिक क्लेशदायक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या विकासनिधीतून ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या केंद्राने अफगाण मुलांसाठी दारी आणि पश्तू भाषांत पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांत अंकगणित शिकविताना बंदुकीच्या गोळ्या, रणगाडे आणि सुरुंग यांची चित्रे वापरली होती. जिहादचे धडे होते. पुढे अनेक वर्षे ती पुस्तके वापरात राहिली. म्हणजे पैसा पुस्तकांसाठीही मिळाला होता. मुलांना माणूस करण्यासाठी तो नव्हता, सैनिक करण्यासाठी होता. अफगाणांच्या स्वातंत्र्याला मदत करणे आणि अफगाण बालकाच्या मनाचा शस्त्रासारखा उपयोग करणे यांत जी सीमारेषा आहे, ती या ठिकाणी ओलांडली गेली. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करू नये, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले त्याला दोन हजार वर्षे होत आली. परंतु शीतयुद्धातील दोन्ही गटांना तो उपदेश आपल्यासाठी नाही असेच वाटत राहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ सालच्या आपल्या विश्वपत्रात या दोन्ही गटांच्या चढाओढीवर कठोर टीका केली होती आणि 'पापाच्या संरचना' हा शब्दप्रयोग तेथेच विस्ताराने मांडला होता. पाप व्यक्तीच करते. परंतु अनेकांची पापे साचून अशी यंत्रणा उभी राहते, की तिच्यात शिरलेल्या भल्या माणसाचे अश्रूसुद्धा अखेर दारूगोळ्यात रूपांतरित होतात.

तिसरा मुद्दा परिणामांचा. अॅव्हराकोटोस चित्रपटात विजयाच्या रात्री एक बोधकथा सांगतो. एका मुलाला घोडा मिळतो, गाव म्हणते केवढे भाग्य! एक वृद्ध गुरू म्हणतो, बघू या. मुलगा घोड्यावरून पडून लंगडा होतो, गाव हळहळते. गुरू म्हणतो, बघू या. युद्ध सुरू होते, सर्व तरुणांना लढाईवर नेले जाते, हा लंगडा तेवढा वाचतो. गाव म्हणते केवढे भाग्य! गुरूचे उत्तर तेच. कथा मार्मिक आहे आणि विजयोन्मादावर चांगला उतारा आहे. परंतु माझे मन तिथे पूर्णपणे समाधान पावत नाही. घोडा दैवाने दिला असेल तर 'बघू या' हे शहाणपण. घोडा मीच आणून त्या मुलाला वर बसविले असेल, तर 'बघू या' म्हणणे ही पळवाट ठरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे : कृतीनंतर घडणाऱ्या परिणामांमुळे ती कृती अधिक चांगली वा वाईट ठरते काय? त्यांचे उत्तर असे की, परिणाम आधी दिसत होता तर तो निःसंशय भर घालतो. आधी दिसला नव्हता, परंतु त्या जातीच्या कृतीतून बहुधा तसेच निष्पन्न होत असते, तर तोही हिशेबात धरला पाहिजे. क्वचित, केवळ आगंतुकपणे घडणारा परिणाम असेल, तर त्याचा दोष कर्त्याकडे जात नाही.

ही मोजपट्टी लावून पाहू. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे जे घडले, ते १९८४ साली निधीच्या कागदावर सही करणाऱ्यांना दिसणे शक्य नव्हते. बिन लादेनला सी.आय.ए.ने थेट पोसले, असे अनेकदा बोलले जाते, त्याला भक्कम आधार नाही. तो सारा भार विल्सन यांच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु गरीब, दुभंगलेल्या देशात वर्षानुवर्षे शस्त्रे ओतली, त्यांतील सर्वांत मोठा वाटा सर्वांत असहिष्णू माणसाला जाऊ दिला, तर शत्रू निघून गेल्यावर ती शस्त्रे आपसांत वापरली जातील, हे समजण्यासाठी भविष्यवेत्ता असावे लागत नाही. तो आगंतुक परिणाम नव्हे. बहुधा तसेच होत असते. आणि नंतर 'सोडून जाणे' ही चित्रपटात दाखविलेली चूकदेखील अर्धीच आहे. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटची सोव्हिएत तुकडी अमू दर्या ओलांडून परत गेली, तरी अमेरिकेची शस्त्रे १९९१ अखेरपर्यंत येतच राहिली. शाळा थांबल्या होत्या, बंदुका थांबल्या नव्हत्या.

चित्रपटात पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक यांची भूमिका आपल्या ओम पुरी यांनी केली आहे. ते पाहताना मला एकाएकी त्यांचे दुसरे रूप आठवले. १९७६ साली विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकावर निघालेल्या मराठी चित्रपटात ओम पुरी यांनी घाशीराम उभा केला होता. नाना फडणवीस आपल्या सोयीसाठी एका अपमानित माणसाच्या हाती पुण्याची कोतवाली देतात. तो माजतो, माणसे मरतात, लोक खवळतात. तेव्हा नाना त्याला लोकांच्या हवाली करून मोकळे होतात. मराठी प्रेक्षकाला परकीय हस्तक्षेपाचे शास्त्र अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. कोतवाल बदलतात, नाना शिल्लक राहतात. तेंडुलकरांनी तेव्हा जो प्रश्न आपल्यापुढे टाकला, तो घाशीरामच्या दुष्टपणाचा नव्हताच. त्याला निर्माण करून नामानिराळा राहणाऱ्याचा होता.

आणि या दूरच्या आगीची धग आपल्याला लागली नाही असेही नाही. २४ डिसेंबर १९९९ ची रात्र मी विसरलेलो नाही. रोममध्ये पोपमहोदय महान ज्युबिलीचा पवित्र दरवाजा उघडत होते. इकडे आम्ही मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी करीत होतो. त्याच संध्याकाळी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आपले विमान पळविले गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी, ते कंदाहारच्या धावपट्टीवर उभे होते आणि भोवती तालिबानचे शस्त्रधारी पहारा देत होते. त्या नाताळात प्रभूच्या जन्माची घोषणा करताना माझा आवाज नेहमीसारखा लागला नाही. ओलीस ३१ डिसेंबरला सुटले. एक तरुण प्रवासी मात्र परतला नाही. तेव्हा मला कंदाहार म्हणजे नकाशावरचे एक नाव होते. आज वाटते, त्या धावपट्टीपर्यंतचा रस्ता अनेक वर्षे आधी, अनेक राजधान्यांतून, अनेकांनी आखला होता.

मत्तयलिखित शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, विसावा न मिळाल्याने परत येतो, तो घर रिकामे, झाडलेले, सुशोभित केलेले दिसते. मग तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन आत शिरतो आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. अफगाणिस्तानचा चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना हा दृष्टान्त वारंवार आठवतो. १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य गेले, घर रिकामे राहिले. १९९६ मध्ये तालिबान आले. २००१ मध्ये त्यांना हाकलले, वीस वर्षे सैन्य ठेवले आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेच तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. दुष्टाला बाहेर घालविणे हे कामाचे अर्धेच अंग. घर वसविणे हे उरलेले अर्धे, आणि त्याला टाळ्या पडत नाहीत.

शोमरोनी माणसाची गोष्ट आपण सर्व जाणतो. परंतु तिचा शेवट आपण बहुधा घाईने वाचतो. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दीनार देतो. येथे गोष्ट संपली असती तरी तो भलाच माणूस ठरला असता. पण तो पुढे सांगतो की, याहून अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा तो फेडीन. म्हणजे त्याने आपले खाते उघडे ठेवले. परत येण्याचे वचन हाच त्याच्या दयेचा खरा पुरावा आहे. विल्सन यांच्या मदतीचे दुर्दैव असे की, तिने जखमी माणसाच्या हाती तलवार दिली आणि उतारशाळेचे बिल चुकते करण्याची वेळ आली तेव्हा धनी गावात नव्हता.

परत येणारी माणसे मात्र इतरत्र होती. तामिळनाडूचे येशूसंघीय धर्मगुरू फादर अॅलेक्सिस प्रेमकुमार हे जेझुइट रेफ्युजी सर्व्हिसच्या वतीने अफगाणिस्तानात शिक्षणाचे काम करीत होते. मायदेशी परतलेल्या निर्वासितांच्या मुलांची एक शाळा पाहावयास ते हेरातजवळ गेले असता २ जून २०१४ रोजी त्यांचे अपहरण झाले. आठ महिन्यांहून अधिक काळ ते कैदेत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुटले. अब्जावधींच्या त्या खटाटोपात ज्या शाळेसाठी दहा लाख मिळाले नाहीत, तसल्याच एका शाळेपाशी हा भारतीय धर्मगुरू उभा होता. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर जगभरच्या शक्ती घाईने निघत असताना मदर तेरेसांच्या भगिनीही निघाल्या. पण ज्या अपंग, अनाथ मुलांचा त्या सांभाळ करीत होत्या, त्यांना सोबत घेऊन. सोडून जाण्यातही असा फरक असतो.

मग चित्रपटाने हसविले ते चुकले काय? मला तसे वाटत नाही. सत्तेचे सोंग उघडे पाडण्यास विनोदासारखे दुसरे साधन नाही. फक्त एवढे ध्यानात असावे की, आपण हसतो ते वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यात बसून. ज्यांच्या देशाची ही कथा, त्यांच्यापैकी एकाचेही नाव चित्रपट संपल्यावर आपल्याला आठवत नाही. त्यांना त्यात हसण्याचीही जागा नाही आणि बोलण्याचीही.

त्या मुलीला आता मी असे सांगेन : बाळ, यात पाप एकट्या चार्ली विल्सनचे नाही. मिस्साच्या आरंभी आपण सगळे छातीवर हात ठेवून विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांबरोबर, जे करायचे टाळले त्याचीही कबुली देतो. ते शेवटचे शब्द आपण बहुधा सवयीने उरकतो. या कथेतील सर्वांत मोठे पाप तेथे आहे. ज्यांनी सह्या केल्या त्यांचे, ज्यांनी वाटले त्यांचे, ज्यांनी विजय साजरा करून दिवे मालवले त्यांचे. आणि प्रमाण लहान असले, तरी आपलेही. भांडणात एका बाजूला बळ देऊन नंतर 'ते त्यांचे घरचे प्रकरण' म्हणणारा शेजारी, पुरात धान्याची पिशवी देऊन छायाचित्र काढून घेणारे मंडळ, आणि जोडप्याचा समेट घडवून आणल्यावर पुन्हा त्या घराची पायरी न चढणारा धर्मगुरू. यांतील शेवटचा मी स्वतः अनेकदा होतो. उतारशाळेत आपल्या नावावर काही हिशेब उरला आहे काय, हे येत्या आठवड्यात प्रत्येकाने पाहावे, आणि उरला असेल तर परत जावे.